स्किनरची कबुतरं
१९४८ साली बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आठ भुकेल्या कबुतरांवरच्या एका प्रयोगाची हकिगत छापली. कबुतर पिंजऱ्यात एकटं, आणि ठरावीक वेळानं दाणे आपोआप समोर. कबुतर काही करो, न करो, दाणे यायचेच. तरी आठांतली सहा कबुतरं भलतेच चाळे करू लागली. एक घड्याळाच्या उलट्या दिशेनं गिरक्या घेई, एक वरच्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा डोकं खुपसे, दोघं लंबकासारखी झुलत. दाणे आले त्या क्षणी जे चाललं होतं, तेच अंगवळणी पडलं, असं स्किनरचं म्हणणं. मनात काय चाललंय ते राहू द्या, कृतीपाठोपाठ काय मिळालं ते बघा, हा वर्तनवाद्यांचा खाक्या. मनाला असं चपलांपाशी बसवून ठेवणं मला काही पटत नाही. पण परवा मॅच रंगात असताना पाणी प्यायला उठलो आणि विकेट पडली. ‘‘बस आधी, हलू नकोस!’’ घरभर ओरडा. बसलो. पुढच्याच चेंडूवर चौकार! पायाला मुंग्या आल्या, घसा कोरडा पडला, पण शेवटची चार षटकं मी जागचा हललो नाही.