लवचीक कोणी व्हायचे?

मराठी विषयात एम. ए. करून सेट उत्तीर्ण झालेला विद्यार्थी चार-पाच वर्षे मुलाखती देत हिंडू लागला, की आपण प्राध्यापक मंडळी त्याला एक ठरलेला सल्ला देतो : "पगाराचं फार ताणू नकोस. अपेक्षा लवचीक ठेव. आधी आत शीर, पुढचं पुढे." हा सल्ला मीही दिला आहे. तासिका तत्त्वावर सहा वर्षे काढताना तो मुकाट्याने पाळलाही आहे. आज मात्र तो व्यवहारज्ञानाचा मुखवटा घातलेला पळपुटेपणा वाटतो.

मुळात येथे 'अपेक्षा' हा शब्दच फसवा आहे. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सुचवला. हे आकडे म्हणजे उमेदवाराची हौस नव्हे. त्याच्या पात्रतेचे ते जाहीर मोल आहे. त्याहून कितीतरी कमी रक्कम पुढे करून "तुमची अपेक्षा काय?" असे विचारणे म्हणजे लिलाव उलट्या दिशेने चालवणे होय. शिवाय तास फक्त वर्गातला मोजायचा. घरची तयारी, निबंध तपासणे, वाङ्मय मंडळाची धावपळ आणि दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्ट्या या हिशेबात कुठेच नाहीत.

या रकमेला आपण नाव दिले 'मानधन'. संस्कृतात हा बहुव्रीही समास : मान हेच ज्याचे धन आहे, असा तो. मराठीने तो पैशाला लावला, आणि संस्थाचालकांनी त्यातले धनही काढून घेतले. मान तर आधीच गेला होता.

"पण उमेदवार राजीखुशीने स्वीकारतो ना?" असा प्रतिवाद नेहमी होतो. पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याला उत्तर दिले आहे : समान कामासाठी कमी वेतन कोणी स्वेच्छेने घेत नाही, कुटुंबाच्या पोटासाठी, स्वाभिमान बाजूला ठेवून घेतो.

गैरसमज नको. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याने कमी पैशांत काम घेतले तर तो दोषी नाही. दोषी आपण आहोत. कारण त्याच्या नाइलाजाला आपण 'लवचिकता' हे गुणवाचक नाव देतो. प्रत्येक नवा उमेदवार थोडा अधिक वाकतो, तेव्हा त्याच्यामागून येणाऱ्यासाठी चौकटच खाली येते. त्या चौकटीतून आपण मात्र ताठ मानेने कधीच आत आलेलो असतो.

निदान एवढे करू या. विद्यार्थ्याचे नाव सुचवण्यापूर्वी दर किती, किती महिन्यांचा आणि पैसे केव्हा मिळणार, हे संस्थेला लेखी विचारू. निवड समितीवर बसलो तर अपेक्षेचा प्रश्न उमेदवाराला विचारणार नाही. दर आधी जाहीर करा, असे संस्थेला सांगू. यामुळे काही प्राचार्य नाराज होतील. होऊ देत. कायम नोकरी असलेल्या माणसाला एवढा तोटा परवडतो.