भांड्यावर घातलेलं नाव

दोहाला नोकरी करणारा माझा भाचा सुट्टीवर आला होता. परत जाण्याच्या आदल्या आठवड्यात एक पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाला, "खाला, हे तुमच्याकडे अमानत ठेवा. कुणाला दाखवू नका आणि हरवू तर अजिबात नका." मला वाटले, जमिनीचे कागद असतील. आत वहीचे एक पान होते आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेले बारा इंग्रजी शब्द. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

त्याने बचतीतून थोडे बिटकॉइन घेतले आहेत. हा व्यवहार जायज आहे की नाही, यावर उलमांचे एकमत नाही आणि तो फैसला करणारी मी कोणी नाही. पण आपल्या घरांतली बरीच मुले आखातात आहेत, त्यांच्यापैकी काहींच्या फोनमध्ये हे आहे आणि घरच्यांना त्याचा पत्ता नाही. म्हणून लिहिते.

भाच्याने समजावले ते असे. बिटकॉइन फोनमध्ये नसते. त्याची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर असते. फोनमध्ये असते ती फक्त खासगी किल्ली. किल्ली म्हणजे एक अतिशय मोठी संख्या. माणसाला ती उतरवून घेता येणार नाही, म्हणून 2013 साली एक रीत ठरली. 2048 सोप्या शब्दांची यादी केली, 'अबँडन'पासून 'झू'पर्यंत, आणि तीतले बारा किंवा चोवीस शब्द ठरावीक क्रमाने दिले की त्यावरून सगळ्या किल्ल्या पुन्हा तयार होतात. फोन समुद्रात पडला तरी दुसरा फोन घ्यावा, शब्द भरावेत, सगळे परत मिळते. शब्दही गेले तर मात्र संपले. बँकेत वारस मृत्यूचा दाखला घेऊन जातो, मॅनेजरपुढे बसतो. इथे जायला दारच नाही. मग हक्काच्या वाटणीत हिस्सा कशाचा काढणार?

वेल्समधल्या न्यूपोर्ट गावच्या जेम्स हॉवेल्सची गोष्ट त्यानेच सांगितली. 2013 मध्ये त्याची एक हार्ड डिस्क चुकून कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे 8,000 बिटकॉइनची किल्ली होती. कचराभूमी खोदू द्या म्हणून तो वर्षानुवर्षे पालिकेच्या मागे लागला, शेवटी कोर्टात गेला. जानेवारी 2025 मध्ये कोर्टाने त्याचा दावा फेटाळला.

मी पाकीट त्याला परत दिले. आम्ही चिपळूणचे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी घरात शिरली तेव्हा माझी बीएडची फाइल खालच्या कपाटात होती. शाईने लिहिलेले होते ते निळे डाग झाले. झेरॉक्सची अक्षरे टिकली, पण पाने एकमेकांना अशी चिकटली की सोडवताना फाटली. लॅमिनेशन केलेल्या कागदातही कडेने पाणी शिरले होते. आणि त्याच चिखलात दोन दिवस पडलेली अम्मीची तांब्याची देगची मी चिंच लावून घासली, तर तिच्या काठावर अब्बांचे नाव आणि 1974 हे साल जसेच्या तसे. भांडेवाल्याने ते छिन्नीने ठोकून घातले होते. शाई धुऊन जाते, खड्डा जात नाही.

"मग तसंच करू," मी म्हटले. भाचा हसला. परदेशात लोक नेमके हेच करतात म्हणे. जेमसन लॉप नावाचा एक अमेरिकन तंत्रज्ञ 2018 पासून अशा धातूच्या पट्ट्या भट्टीत घालतो, आम्लात बुडवतो, हायड्रॉलिक प्रेसखाली दाबतो आणि काय वाचता येते ते लिहून ठेवतो. त्याच्या चाचण्यांत सुटी अक्षरे खाचेत बसवायची महागडी साधने दाबाखाली वाकली की अक्षरे विखुरतात. एकसंध पट्टीवर ठोकलेले अक्षर सहसा वाचता येते.

धातू कोणता? ॲल्युमिनियम स्वस्त, मऊ आणि ठोकायला सोपे, पण ते 660 अंशांना वितळते. पेटलेल्या घरातली उष्णता त्याच्या पुढे जाऊ शकते. स्टेनलेस स्टील 1400 अंशांच्या आसपासपर्यंत तग धरते. त्यातही फरक आहे. खाऱ्या वाऱ्यात हलक्या स्टीलच्या रेलिंगला दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके येतात, हे आपण कोकणातले लोक जाणतोच. 304 नंबरचे बरे, समुद्राकाठी 316 त्याहून चांगले. रेलिंग बनवणाऱ्याकडे 304 ची दोन मिलिमीटर जाडीची पट्टी तुकड्यांत पडली होती, ती त्याने कापून दिली. हार्डवेअरच्या दुकानात इंग्रजी अक्षरांच्या पंचचा संच मिळाला.

ठोकायला भांडेवाल्याकडे जाऊ, असे मी म्हणाले होते. भाच्याने कपाळाला हात लावला. शब्द ज्याने पाहिले, पैसे त्याचे. म्हणूनच या शब्दांचा फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर बहिणीलाही पाठवायचे नाहीत. फोटो आपोआप कुठल्या कुठल्या खात्यांवर जाऊन बसतात, ते आपल्यालाही आठवत नाही.

तर मागच्या अंगणात, दगडावर पट्टी ठेवून, आम्ही दोघांनी ठोकले. स्टील कठीण असते, एका अक्षराला तीन-तीन घाव लागले आणि ओळ काही सरळ येईना. एक सोय आहे. त्या यादीत कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरे सारखी नाहीत, म्हणून चारच ठोकली तरी पुरते. भाषा शिकवणाऱ्या मला हे फार आवडले. मी म्हटले, चोराला कळू नये म्हणून देवनागरीत ठोकू या का? पण यादीत 'उजवा' या अर्थाचा राइट आहे आणि 'लिहिणे' या अर्थाचाही. देवनागरीत दोन्ही एकच. विचार सोडला. सहा शब्द इथे, सहा तिथे ठेवावेत, हेही सुचले होते. त्यात एक तुकडा गेला की दुसराही फुकट.

पूर्ण शब्दांच्या दोन पट्ट्या केल्या. एक आमच्या वरच्या मजल्यावर, एक पुण्यात त्याच्या मोठ्या भावाकडे. एकाच नदीच्या काठी दोन्ही ठेवून काय उपयोग?

त्याच्या बायकोला यातले काही माहीत नव्हते. मी रागावलेच. "तुला काही झालं, अल्लाह न करो, तर या पट्टीकडे बघून तिला काय कळणार?" मग पुण्याची पट्टी रवाना करण्याआधी तिला बोलावले. एक जुना, रिकामा केलेला फोन आणि ती पट्टी तिच्यापुढे ठेवली. भाच्याला तोंड उघडू द्यायचे नाही, असे बजावले. ती पट्टी वाचून एकेक शब्द भरत गेली. नवव्याला अडली. फोन शब्द घेईचना. बघते तर 'एन'च्या जागी मी 'एम' ठोकला होता.

ती पट्टी पुन्हा केली. चुकलेली भंगारात टाकता येईना, तिच्यावर अकरा शब्द बरोबर होते. रेलिंगवाल्याचा ग्राइंडर तासाभरासाठी मागून आणला आणि भाच्याने ती स्वतः घासून कोरी केली.