उसनवारीचा संघ, कोचच्या माथी खापर

हरलो की कोचला हाकला, हे कुठवर चालणार? 2014 ला आयएसएल सुरू झाली तेव्हा कितीतरी भारतीय खेळाडू आय-लीगच्या क्लबांकडून लोनवर आणलेले. सरळ उसनवारी! मुंबई सिटीचे पीटर रीड पहिलीच मॅच कोलकात्यात 0-3 हरले, शेवटी आठात सातवे. टिटवाळ्याहून ठाण्याला गाडी बदलून नेरूळला मॅच बघायला जाणारे आपण शिव्या मात्र कोचलाच घालायचो. डिसेंबरात लीग संपली, उसने खेळाडू आपापल्या क्लबला परत. मग संघ बांधायचा कधी? पुण्याने तर 2018 ला मिगेल पोर्तुगाल यांना तीन मॅचमध्येच नारळ दिला. 2019 ला क्लबच बंद! त्या मालकांना कुणी जाब विचारला? कोच बदलण्यापेक्षा आमच्या कल्याण-टिटवाळ्याच्या पोरांसाठी एक मैदान घ्या की.