गोपनीयता ही संशोधनाची पूर्वअट

केसपेपर उपचारासाठी लिहिला जातो, संशोधनासाठी नव्हे. ताप किती, रक्तदाब किती, कोणती गोळी किती दिवस, एवढे टिपले की त्याचे काम संपते. परंतु अशा लाखो नोंदी संगणकावर एकत्र वाचता आल्या, की एकट्या डॉक्टरच्या नजरेला कधीच न दिसणारे चित्र त्यांतून उमटू लागते. हजारांत एखाद्याच रुग्णाला अपाय करणारे औषध एका दवाखान्यात निर्दोष ठरते. लाखो नोंदींच्या राशीत त्याचा दोष लपून राहत नाही.

रोफेकॉक्सिब या सांधेदुखीवरील वेदनाशामकाचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. अमेरिकेत ते १९९९ मध्ये बाजारात आले. पुढे डेव्हिड ग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या सुमारे १४ लाख सभासदांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या औषधाच्या मोठ्या मात्रेबरोबर हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळला. एका वैद्यकीय चाचणीतही धोका दिसून आल्याने कंपनीने सप्टेंबर २००४ मध्ये औषध मागे घेतले. भारताने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यावर बंदी घातली. भारतीय रुग्णांच्या तेवढ्या नोंदी चाळून तोच प्रश्न विचारण्याची सोय मात्र तेव्हा देशात नव्हती.

आज ती सोय उभी राहू पाहत आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले आणि त्यातील १४ अंकी 'आभा' क्रमांक घेणाऱ्यांची संख्या ७० कोटींच्या पुढे गेली. क्रमांक मिळाला म्हणजे नोंद झाली, असे नव्हे. तरीही मधुमेह, क्षयरोग किंवा कर्करोग यांची भारतातील वाटचाल भारतीय नोंदींतूनच समजून घेण्याची शक्यता प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर निर्माण झाली आहे. त्याबरोबर वादही आला आहे. एक पक्ष म्हणतो, संमतीच्या आणि परवानग्यांच्या जंजाळात संशोधन गुदमरते, कुलुपे काढावीत. दुसरा म्हणतो, रुग्णाचे खासगीपण अमोल आहे; कुलुपे वाढवावीत. दोघांचेही एक गृहीतक समान आहे. गोपनीयता आणि संशोधन ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली जाणारच, असे दोघेही मानतात. हे गृहीतकच चुकीचे आहे.

नोंद कशी जन्माला येते, हे पाहिले की ते ध्यानात येते. रक्ताची तपासणी यंत्र करते. परंतु आजाराची हकिकत रुग्णच सांगतो. लग्न ठरलेल्या मुलीला क्षयरोग झाला, एखाद्या कामगाराला एचआयव्हीची बाधा झाली, एखादी शिक्षिका मानसिक आजारावर औषधे घेऊ लागली, तर त्यांच्या मनात पहिला प्रश्न एकच असतो: हे कोणाकोणाला कळेल? उत्तराची खात्री नसेल, तर माणूस दुसऱ्या गावच्या दवाखान्यात जातो, वेगळे नाव आणि वेगळा मोबाइल क्रमांक देतो, जुना आजार सांगतच नाही. संगणकावर नोंद होते, पण ती अपुरी किंवा खोटी असते.

अशा नोंदींचा दोष साधा नाही. एखादा आकडा चुकून गळाला, तर संख्याशास्त्राकडे त्यावर काही उपाय असतात. भीतीने गाळलेली माहिती मात्र विखुरलेली नसते; ज्यांना समाजात सर्वाधिक गमवावे लागते, त्यांचीच ती असते. मग विश्लेषणात त्या गटांत रोग कमी दिसतो, निधी दुसरीकडे वळतो आणि संगणकीय प्रारूपे तीच चूक शिकतात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून गोपनीयता हा संशोधनाच्या वाटेतला अडथळा नव्हे. खरी नोंद मिळण्याची ती पूर्वअट आहे.

हे केवळ तत्त्व नाही, याचा दाखला सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे मिळतो. तेथे १९८७ मध्ये ग्रामीण भागासाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. देशातील ती अशी पहिली नोंदणी. गावातले रुग्ण आपण होऊन मोठ्या रुग्णालयात येतील, या भरवशावर बसून चालणार नव्हते. कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, कर्करोगाची लक्षणे समजावली, संशयित रुग्णांना तपासणीपर्यंत पोहोचवले. त्या आकड्यांना आलेले मोल यंत्रामुळे नव्हे, या संबंधामुळे आले. संगणकीय नोंदींचे युग येण्यापूर्वीचा हा धडा आजही जुना झालेला नाही.

इंग्लंडने तर दोन्ही बाजू अनुभवल्या. तेथील 'केअर डॉट डेटा' योजनेत डॉक्टरांकडील नोंदी एका केंद्रीय ठिकाणी गोळा केल्या जाणार होत्या. त्या कोणाला दिल्या जातील, याचे समाधानकारक उत्तर लोकांना मिळाले नाही. दहा लाखांहून अधिक नागरिकांनी आपली माहिती देण्यास नकार कळवला आणि २०१६ मध्ये योजना बंद करावी लागली. त्याच देशात २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, 'ओपनसेफली' ही व्यवस्था उभी राहिली. तिच्यात नोंदी जागच्या हलत नाहीत. संशोधक बनावट नमुना माहितीवर आपली आज्ञावली तयार करतो, ती आज्ञावली नोंदींपाशी जाते, आणि बाहेर येतात ते केवळ एकत्रित आकडे. कोणी, कोणता प्रश्न विचारला, हेही जाहीर असते. या मार्गाने सुमारे १ कोटी ७० लाख प्रौढांच्या नोंदींतून कोविडने मृत्यू होण्याचा धोका कोणाला अधिक आहे, हे काही महिन्यांत समजले. पहिल्या योजनेत लोकांकडे विश्वास मागितला गेला. दुसरीत तो ठेवण्याजोगी रचना आधी केली गेली.

भारतात या रचनेचा पाया अर्धा घातलेला आहे. डिजिटल मिशनच्या आराखड्यात नोंदी एका भांडारात ओतल्या जात नाहीत. त्या ज्या त्या रुग्णालयाकडे राहतात आणि रुग्णाच्या संमतीने पुढे जातात. संशोधनासाठी हीच रीत पुढे नेता येते. त्याऐवजी नावे पुसून नोंदींची गाठोडी वाटण्याचा सोपा मार्ग निवडला, तर तो टिकणार नाही. अमेरिकेत लताना स्वीनी यांनी १९९७ मध्येच जन्मतारीख, लिंग आणि टपाल संकेतांक एवढ्यावरून, नावे पुसलेल्या नोंदींतून मॅसेच्युसेट्सच्या गव्हर्नरची नोंद शोधून काढली होती. लहान गावात एखाद्या दुर्मीळ आजाराचा एकच रुग्ण असेल, तर त्याला ओळखायला नावाची गरजच नसते. आणि कुलूप कितीही मोठे असले, तरी ते फुटू शकते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातील सर्वांत प्रतिष्ठित रुग्णालयाला अनेक दिवस कागदावर काम करावे लागले.

कायद्याची स्थिती संमिश्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. ठरावीक निकष पाळल्यास आणि त्या माहितीवरून संबंधित व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाणार नसल्यास, संशोधनाला हा कायदा सूट देतो. सूट योग्यच आहे. परंतु २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदींना संवेदनशील माहितीचा वेगळा दर्जा होता, तो नव्या कायद्यात नाही. ओळख पुसलेल्या माहितीतून माणूस पुन्हा शोधून काढणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवण्याची तरतूद २०१९ च्या विधेयकात होती. तीही उरली नाही. दार उघडले गेले, उंबऱ्यावरचा पहारा मात्र सैल राहिला.

यावर संशोधकांचा आक्षेप रास्त आहे. प्रत्येक अभ्यासासाठी प्रत्येक रुग्णाची नव्याने सही मागितली, तर काम पुढे सरकणार नाही. शिवाय सही देणारे आणि न देणारे यांत फरक असल्याने निष्कर्षही एकांगी होतील. म्हणून दर वेळी सहीचा आग्रह धरू नये. त्याऐवजी चार गोष्टी अनिवार्य कराव्यात. नोंदींवर चालणाऱ्या प्रत्येक अभ्यासाची जाहीर सूची असावी आणि ती भारतीय भाषांत वाचता यावी. विश्लेषण नोंदींच्या ठिकाणीच व्हावे. नको असेल त्या रुग्णाला, उपचारात कोणतीही उणीव न येता, बाहेर राहता यावे. आणि पुन्हा ओळख पटवणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरावा.

याशिवाय एक ऋण राहते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने २०१० पासून स्वतः घडवलेल्या संगणकीय नोंदप्रणालीतून डोळ्यांच्या आजारांवर अनेक अभ्यास प्रसिद्ध केले. तेथे नोंद ठेवणारे आणि संशोधन करणारे एकाच छताखाली आहेत. रोजच्या तपासणीतून निघालेले ज्ञान पुन्हा त्याच तपासणीच्या टेबलावर पोहोचण्याची वाट तेथे छोटी आहे. देशव्यापी व्यवस्थेत ती वाट मुद्दाम बांधावी लागेल. ज्या जिल्ह्याच्या नोंदींतून निष्कर्ष निघाला, त्या जिल्ह्याच्या रुग्णालयाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला तो त्यांच्या भाषेत कळला पाहिजे. रुग्णाने आपल्या दुखण्याची हकिकत दिली. तिच्यातून काय उमगले, हे ऐकण्याचा पहिला हक्क त्याचा आहे. तो मिळाला, तर पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसताना तो खरे तेच सांगेल.