वाफाळता पेला, पण पाळी पाहून

पौषातली पहाट. खारून नदीकडून आलेले धुके कुम्हारीच्या घरांवर अजून रेंगाळत असते. रायपूर आणि भिलाई यांच्यामधल्या या गावातून महामार्ग जातो, मुंबई-हावडा रेल्वेमार्गही जातो. भिलाईच्या आसपासच्या कारखान्यांत रात्री दहा ते सकाळी सहाची पाळी करून घरचा माणूस मफलर गुंडाळून स्कूटरवरून परततो. दार उघडताच गृहिणी मायेने कडक कॉफीचा पेला पुढे करते. तो ती आवडीने पितो, अंघोळ उरकून अंथरुणावर पडतो आणि छताकडे पाहत राहतो. दहा वाजतात, तरी डोळा लागत नाही. मग कुकरच्या शिटीवर चिडणे, मुलांवर खेकसणे आणि रात्री पुन्हा अर्धवट झोपेत यंत्रासमोर उभे राहणे. दोष त्याचा नाही, तिचाही नाही. दोष आहे तो कॉफीच्या वेळेचा.

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यानंतर देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथे पोटापाण्यासाठी आली. एकाच गल्लीत तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी आणि मराठी बिऱ्हाडे नांदू लागली. म्हणूनच इथल्या मराठी घरात जायफळ घातलेली कॉफी असते, तसे शेजारणीकडून शिकलेले पितळी फिल्टरही असते. आता मुलांच्या हट्टापायी गरम चॉकलेटही आले आहे. प्रश्न एवढाच, की कुणाला काय द्यायचे आणि केव्हा?

झोपेचे गणित

कॉफीतले कॅफिन शरीरातून लगेच बाहेर पडत नाही. त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच साधारण पाच तास लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार १५० मिलिलिटर ताज्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. दिवसभरात ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असे परिषद सांगते. याउलट कोको पावडरीच्या एका मोठ्या सपाट चमच्यात, म्हणजे सुमारे ५ ग्रॅममध्ये, जेमतेम १० ते १५ मिलिग्रॅम असते.

अमेरिकेत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिले, तरी झोप तासाभराहून अधिक घटली. म्हणजे सकाळी आठला झोपायचे असेल, तर शेवटची कॉफी रात्री दोनच्या आत व्हायला हवी. कॉफी कामावर निघताना द्यावी आणि परतल्यावर कोको. एवढा बदल केला तरी घरातली सकाळ शांत होऊ शकते.

निघताना : जायफळाची फिल्टर कॉफी

साहित्य (२ पेले) : ३ मोठे चमचे फिल्टर कॉफी पावडर, पाऊण कप पाणी, दीड कप साईसकट दूध, चवीप्रमाणे साखर, चिमूटभर जायफळ पूड.

कृती : फिल्टरच्या वरच्या भांड्यात पावडर घालून चकतीने हलकेच दाबावी. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबावे, मग वरून ओतून झाकण लावावे. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट अर्क उतरतो. दूध साखरेसह उकळून त्यात जायफळ घालावे, गॅस बंद करावा आणि मग अर्क मिसळावा. अर्क उकळू नये, कडवट होतो. दोन भांड्यांत उंचावरून चार-पाच वेळा ओतले की छान फेस येतो.

एक लक्षात ठेवावे. चिकोरीमुळे कॉफीचा रंग गडद होतो, पण चिकोरीत कॅफिन नसते. तेव्हा रंगावरून कडकपणा ठरवू नये, पाकिटावरचे प्रमाण वाचावे.

पाहुण्यांसाठी : फेटलेली कॉफी

साहित्य (२ पेले) : २ छोटे चमचे इन्स्टंट कॉफी, ३ छोटे चमचे साखर, २ छोटे चमचे गरम पाणी, २ कप दूध.

कृती : कॉफी, साखर आणि पाणी वाटीत घेऊन चमच्याने एकाच दिशेने घोटावे. आठ-दहा मिनिटांत काळपट पाक फिकट बदामी होऊन फुगतो. साखरेच्या घट्ट पाकात हवेचे बुडबुडे अडकून राहतात, म्हणून साखर फार कमी केली तर फेस टिकत नाही. दोन्ही पेल्यांत हे मिश्रण घालून वरून उकळते दूध बारीक धारेने सोडावे. घाईच्या वेळी उपयोगी पडावे म्हणून मिश्रण आधीच करून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवता येते.

परतल्यावर : दाट गरम चॉकलेट

साहित्य (२ पेले) : २ कप दूध, २ मोठे सपाट चमचे बिनसाखरेची कोको पावडर, ३ छोटे चमचे साखर, १ छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, दालचिनीचा तुकडा, चिमूटभर मीठ.

कृती : कोको थेट दुधात टाकला की गुठळ्या तरंगतात. म्हणून आधी कोको, साखर, मीठ आणि कॉर्नफ्लोअर एकत्र करून तीन-चार चमचे गार दुधात गुळगुळीत वाटण करावे. उरलेले दूध दालचिनीसह तापवावे, त्यात हे वाटण ढवळत ओतावे आणि मंद आचेवर दोन मिनिटे उकळू द्यावे. कॉर्नफ्लोअर शिजले की कच्चट चव जाते आणि पेय चमच्याला धरेल इतके दाट होते. महाग क्रीमची गरज उरत नाही.

रविवारी मुलांसाठी गॅस बंद करून ३० ग्रॅम किसलेले चॉकलेट घालावे. मोठ्यांना कॉफी-चॉकलेट हवे असेल तर त्यातच अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी विरघळवावी. पण हा लाड सुटीच्या दुपारपर्यंतच.

विकत घेताना

२०२४ मध्ये जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला होता. अशा वेळी पाकीट नीट वाचावे. 'कंपाउंड' लिहिलेल्या वडीत कोको बटरऐवजी दुसरे वनस्पती-स्निग्ध असते. ती स्वस्त पडते, पण चव मेणचट लागते. 'ड्रिंकिंग चॉकलेट'मध्ये साखर आधीच असते, म्हणून वर आणखी साखर नको. मधुमेह्यासाठी साधी कोको पावडरच बरी.

कॉफीसाठी आता फार दूर पाहायला नको. बस्तर जिल्ह्यातल्या दरभा भागात २०१७ पासून कॉफीची लागवड सुरू झाली. जगदलपूरच्या उद्यानविद्या महाविद्यालयाने त्यात पुढाकार घेतला. छत्तीसगडच्या मातीतली ही कॉफी मिळाली, तर एकदा जरूर चाखून पाहावी.

हेही सांभाळावे

- लहान मुलांना कॉफी देऊ नये. गर्भवतीने दिवसाचे कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे.
- जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी. त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. रक्त कमी असलेल्या गृहिणीने हे मुद्दाम पाळावे.
- थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून घ्यावा. दुधाची कॉफी कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिली तर नासते. कामावर नेताना दुधाशिवायचा अर्क नेणे चांगले.
- डोळे मिटत असतील तर कॉफीच्या भरवशावर गाडी चालवू नये. थांबून वीस मिनिटे डुलकी घ्यावी. घरी उशिरा पोहोचलेले चालते.

आणि ज्या गृहिणीने पहाटे पाचला उठून दूध तापवले, तिचे काय? घरच्यांना झोपवून ती पुन्हा ओट्याशी लागते. तेव्हा गरम चॉकलेट दोन पेल्यांचे करावे आणि दुसरा पेला तिने स्वतः, गरम असतानाच, बसून प्यावा. आपल्याकडे हा दुसरा पेला बहुधा गार होऊन जातो.