पावलांना ताल, मनाला काम

डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलेले असते. बाहेर कधी पाऊस, कधी ऊन, कधी वाहनांची गर्दी. म्हणून घरात व्यायामाची सायकल किंवा ट्रेडमिल येते. पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसऱ्या आठवड्यात दर दोन मिनिटांनी नजर घड्याळाकडे वळू लागते आणि महिनाभरात सायकलच्या हँडलवर टॉवेल वाळत पडतात! पाय दुखले म्हणून व्यायाम सुटला, असे थोड्यांचेच होते. बहुतेकांचे मन आधी कंटाळते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना हा कंटाळा महागात पडतो, कारण व्यायाम थांबला की त्याचा फायदाही हळूहळू ओसरतो.

बाहेर फिरताना झाडे, दुकाने, ओळखीचे चेहरे मनाला गुंतवून ठेवतात. चार भिंतींत तसे काही नसते. मग मनाला द्यायचे तरी काय? याचे एक जुने आणि कसाला उतरलेले उत्तर तंजावरला सापडते.

तंजावरशी मराठी माणसाचे नाते आहेच. सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचे राज्य होते. दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ नावारूपाला आले. आज भरतनाट्यम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नृत्याच्या शिक्षणाला आणि कार्यक्रमाच्या क्रमाला या भावंडांनी शिस्तशीर रूप दिले. देवदासी आणि दरबारी नर्तकींच्या घराण्यांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली.

या नृत्याचा सराव म्हणजे बंद खोलीतला दमसासाचा व्यायामच. गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवून अर्धे बसायचे आणि त्याच स्थितीत पावले आपटायची. ‘वर्णम’ ही रचना अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त चालते. तेवढा दम यावा म्हणून ‘अडवू’, म्हणजे मूळ पदन्यास, पुन्हा पुन्हा घोटावे लागतात. तरीही मनाला भटकायला फुरसत मिळत नाही. गुरू लाकडी ठोकळ्यावर काठीने ठेका धरतात, तोंडाने बोल म्हणतात. तोच अडवू आधी संथ, मग दुप्पट आणि मग चौपट लयीत करायचा असतो. आठ मात्रांच्या आदितालात पहिल्या लयीला आठ पावले पडली, तर दुसऱ्या लयीत सोळा आणि तिसऱ्या लयीत बत्तीस! ताल तोच, पावले मात्र वाढत जातात. हा हिशेब सांभाळताना घड्याळाकडे बघणार कोण?

आपल्याकडच्या सूर्यनमस्कारांतही हीच युक्ती आहे. प्रत्येक नमस्काराला सूर्याचे एक नाव घ्यायचे. बारा नावे झाली की बारा नमस्कार झाले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तेव्हा मंत्रांनाही त्यात जागा दिली होती.

विज्ञानही याच दिशेने बोट दाखवते. मॉर्गन आणि पोलॉक या अमेरिकी संशोधकांनी १९७७ मध्ये लांब पल्ल्याच्या धावपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. सामान्य धावपटू थकवा विसरण्यासाठी मन दुसरीकडे नेत. अव्वल धावपटूंचे लक्ष मात्र आपला श्वास, स्नायू आणि वेग यांवर असे. टीव्ही बघत सायकल चालवण्यात गैर काही नाही. पण तिथे मन रमले की पायांचा वेग कधी मंदावला ते कळत नाही. मन व्यायामातच गुंतले, तर दोन्ही साधते.

घरी कसे कराल?

कर्नाटक संगीतात तालाच्या पाच ‘जाती’ आहेत: तीन, चार, पाच, सात आणि नऊ मात्रांच्या. त्यांचे बोल सोपे आहेत. तीनला ‘तकिट’, चारला ‘तकधिमि’, पाचला ‘तकतकिट’, सातला ‘तकिटतकधिमि’ आणि नऊला ‘तकधिमितकतकिट’. जागच्या जागी चालताना प्रत्येक पावलाला एक अक्षर म्हणा. पाचही बोल ओळीने म्हटले की २८ पावलांची एक फेरी होते.

यात एक गंमत आहे. तीन, पाच, सात आणि नऊ या विषम संख्या असल्याने बोलाची सुरुवात कधी उजव्या, तर कधी डाव्या पावलावर येते. पण २८ ही सम संख्या. फेरी उजव्या पायाने सुरू केली असेल, तर पुढची फेरीही उजव्यानेच सुरू व्हायला हवी. डावा पाय पुढे आला, तर समजा की कुठेतरी लक्ष सुटले! मिनिटाला शंभर पावले पडत असतील, तर अशा दहा फेऱ्यांत जवळजवळ तीन मिनिटे जातात.

पहिली पाच-सात मिनिटे संथ, मधली पंधरा-वीस मिनिटे जलद आणि शेवटची पाच मिनिटे पुन्हा संथ, असे अर्ध्या तासाचे भाग पाडा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झाला, की जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली किमान १५० मिनिटे भरतात. मात्र त्यात दम थोडा वाढेल इतका वेग हवा.

बोल मोठ्याने म्हणण्याचा आणखी एक फायदा आहे. बोल म्हणता येतात, पण गाणे म्हणायला दम पुरत नाही, इतका वेग मध्यम समजावा. बोलच तुटू लागले तर वेग कमी करा. ट्रेडमिलवर तोल सांभाळणे पहिले. तिथे मोबाइलमध्ये डोके घालू नका आणि हिशेब चुकला तरी पायांकडे वाकून पाहू नका. नृत्यातल्यासारखे गुडघे वाकवण्याचीही गरज नाही. हृदयविकार किंवा गुडघेदुखी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर लगेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

सुरुवातीला पाचही बोल जमणार नाहीत. पहिला आठवडा तीन आणि चारवरच काढा, मग दर आठवड्याला एकेक बोल वाढवा. घरातल्या मुलांना ठेका धरायला बसवले, तर तुमची चूक पकडायला ती टपलेलीच असतील आणि दुसऱ्या दिवशी व्यायामाची आठवणही तीच करून देतील.