फॉर्म १६ मध्ये आरोग्य विम्याचा हप्ता का दिसत नाही?

आपण वर्षभर आरोग्य विम्याचा हप्ता भरला, तरी फॉर्म १६ मध्ये कलम ८०डी समोर शून्य? घाबरू नका. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावट नाही. जुनी प्रणाली हवी असे आपण कार्यालयाला कळवले नसेल, तर पावती देऊनही रक्कम तिथे येत नाही.

व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदारांना मुदतीत विवरणपत्र भरताना जुनी प्रणाली निवडता येते. स्वतःसह पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले यांच्यासाठी मर्यादा २५,००० रुपये. आईवडिलांसाठी वेगळे २५,०००, ते ज्येष्ठ नागरिक असल्यास ५०,०००. हप्ता रोखीने भरला असेल तर वजावट नाही. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांकही द्यावा लागतो, म्हणून पॉलिसीचा कागद जपून ठेवा.

मात्र घाई नको. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर (भांडवली नफ्यासारखे विशेष दराचे उत्पन्न वगळून) कर शून्य होतो. केवळ ८०डी साठी जुनी प्रणाली घेतल्यास कर उलट वाढू शकतो. दोन्ही हिशेब करून पाहा.

आयुष्मान कार्डासाठी आपण हप्ता भरत नाही. त्यामुळे त्याची वजावटही नाही.